मोटर बंद करायला कोण जाणार?

प्रश्न : नमस्कार सर, आमची ६४ फ्लॅटची सोसायटी. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा सेन्सर बिघडलाय, त्यामुळे रात्री टाकी भरून वाहायला लागते, आवाज सगळ्यांना येतो, ग्रुपवर 'कोणीतरी मोटर बंद करा' असे पाच-सहा मेसेज पडतात आणि खाली कोणीच जात नाही. पण मे महिन्यात बरेच जण गावाला गेलेले, तेव्हा एका रात्री मी मीटर रूममध्ये पोचतो न पोचतो तोच मागून अजून दोघं चपला फटफटवत धावत आले! माणसं कमी होती म्हणून असं झालं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते दोघं चपला फटफटवत आले हे तुम्ही लिहिलंत ना, मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. माणसं कमी होती हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं की घरी नेमके किती जण आहेत हे तुमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

आधी पहिलं अर्धं बघू. काम एकानेच करायचंय, फायदा सगळ्यांचा, त्रास मात्र जाणाऱ्याचा, म्हणजे आपल्या भाषेत लष्कराच्या भाकऱ्या. या पेचावर आंद्रेआस डीकमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये गणित मांडलं. समजा पाणी वाया गेलं तर प्रत्येकाचं नुकसान ४ रुपयांचं आणि खाली जायचा त्रास १ रुपयाचा. दोनच घरं असतील तर कोणीच न जाण्याची शक्यता १०० त साधारण ६, पाच घरं झाली की १८ आणि घरं वाढत गेली की ती २५ च्या जवळ जाते. म्हणजे माणसं वाढली तर काम होण्याची खात्री कमीच होते, कारण प्रत्येकाला वाटतं एवढे जण आहेत, जाईल कोणीतरी. आळशीपणा म्हणून सोडून देऊ नका, चांगली माणसंसुद्धा असंच वागतात.

१९६८ मध्ये डार्ली आणि लॅटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावल्या, मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा आपण एकटाच असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला उठले, अजून एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांतले ६२ आणि अजून चार जण आहेत असं वाटणाऱ्यांतले फक्त ३१. आणि गंमत म्हणजे बाकीचे आवाज रेकॉर्ड केलेले होते, त्या खोल्यांत कोणी नव्हतंच! खरे किती जण आहेत याने फरक पडलाच नाही, मनात किती जण आहेत याने पडला.

आता मे महिना. समजा कुठलाही शेजारी जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. तुमच्याशिवाय दोघं घरी आहेत हे पक्कं माहीत असेल तर दोघंही न जाण्याची शक्यता १०० त २५. पण एक तर कोणीच नाही नाहीतर चौघं आहेत, दोन्ही तितकंच शक्य, असं असेल तर? सरासरी तीच, दोन. पण कोणीच नसेल तर तुमच्यावाचून अडणारच, आणि चौघं असतील तर १०० त ६ वेळा अडेल, दोन्ही मिळून शक्यता होते ५३! म्हणजे दुपटीहून जास्त. 'कदाचित मी एकटाच असेन' हा विचार एवढा जड पडतो आणि माणूस उठतो. हिलेनब्रँड आणि विंटर या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये हेच गणिताने मांडलं आणि प्रयोग करूनही दाखवलं, संख्या अनिश्चित असली की पुढे येणारे वाढतात. कधी तिघंही धावतात, दोघांची खेप फुकट जाते, पण ती मला तरी वाया गेली असं वाटत नाही.

मात्र अनिश्चितता नेहमीच कामाची नसते हं. टाकीत पाणी किती उरलंय हेच माहीत नसेल तर लोक जास्तच ओढून घेतात, तसे प्रयोगही झालेत. म्हणून टाकीची पातळी ग्रुपवर जरूर टाका. आणि मोटरसाठी 'कोणीतरी' हा शब्दच काढा हो, 'बी विंगचे काका, तुम्ही जाल का?' असं एकाचं नाव घेऊन विचारा, नाव घेतलं की ६४ चा हिशेबच उरत नाही. आठवड्याच्या पाळ्या लावल्यात तर अजून बरं.

प्रश्न : आम्ही दर रविवारी टेकडीवर झाडांना पाणी घालतो. किती जण येणार हे आधी सांगावं की गुलदस्त्यात ठेवावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सांगा. मोटर एकाने बंद केली की काम संपतं, इथे जितके हात तितकी झाडं. फक्त नुसतं '४० जण येणार' असं लिहू नका, 'वरच्या अंगाची ६० झाडं अजून कोणी घेतलेली नाहीत' असं लिहा, कॅन कुठे भरायचे तेही लिहा.