काम सुटत नाही, कंबरदुखी सोडत नाही

कंबरदुखीविषयी या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे खुर्चीत बसून काम करणाऱ्यांची असतात. या अंकासाठी मात्र अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांची चार पत्रे मुद्दाम निवडली आहेत, कारण ‘विश्रांती घ्या, वजन उचलू नका’ हा नेहमीचा सल्ला त्यांच्या बाबतीत केवळ कागदावर राहतो. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४३ आहे. नाशिक जिल्ह्यात कांदा व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर गोण्या उचलून ट्रकमध्ये थप्पी लावण्याचे काम मी तरुणपणापासून करतो. तीन वर्षांपासून कंबर दुखते. संध्याकाळी वाकणे कठीण होते, मात्र पायात कळ जात नाही. एमआरआयमध्ये ‘चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी फुगली आहे’ असे आले आणि वजन उचलणे कायमचे बंद करण्यास सांगण्यात आले. घरात मिळवता मी एकटाच आहे. काम चालू ठेवले तर अपंगत्व येईल का?

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तशी भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही. पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात चाळिशीतील जवळपास निम्म्या निरोगी माणसांच्या मणक्यांत फुगलेली गादी आढळली आणि विशीतही हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. म्हणजे आपल्या अहवालातील ते वाक्य पांढऱ्या केसांसारखे वयाबरोबर येणारे असू शकते आणि त्याच्यावर सगळे दुखणे ढकलता येत नाही. ‘मणक्यात गॅप आहे’ एवढे ऐकून हबकलेली आणि त्या धास्तीने हालचालच बंद केलेली माणसे मी पुष्कळ पाहतो; त्यांची पाठ न वापरल्याने आणखी कमकुवत होते.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट आहे. ‘दिवसभर एवढी मेहनत होते, मग वेगळ्या व्यायामाची गरज काय?’ असे बहुतेक श्रमिक विचारतात. व्यायामात भार आपण ठरवतो, तो हळूहळू वाढवतो आणि मध्ये विसावा घेतो. हमालीत भार ट्रक ठरवतो, हालचाल एकाच साच्याची असते आणि थकलेल्या स्नायूंना सावरण्याइतका वेळ मिळत नाही. त्यामुळे कष्टाने दमलेली पाठ व्यायामाने बळकट झालेली असेलच असे नाही.

आता मुख्य प्रश्न, की काम न सोडता पाठीवरचा भार कमी कसा करायचा. कंबरेचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटर अंतरावरून ओढ देतात. समोरचे ओझे मणक्यापासून चाळीस सेंटिमीटर पुढे असेल, तर ते तोलण्यासाठी स्नायूंना त्याच्या आठपट जोर लावावा लागतो, आणि वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन त्यात वेगळे मिळवावे लागते. वीस किलोचे ओझे हात लांब करून उचलले, की केवळ त्या ओझ्यापोटी कंबरेच्या स्नायूंवर १६० किलोंचा ताण येतो तो असा. म्हणूनच गोणी किती किलोंची आहे याइतकेच ती अंगापासून किती दूर आणि जमिनीपासून किती उंच आहे हेही महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये ठरवलेल्या सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असली तरी एका माणसाने उचलण्याचे कमाल वजन २३ किलो धरले आहे, आणि ओझे जमिनीवर किंवा दूर असेल तर तेही कमी होत जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही मर्यादा आहे. आपली गोणी बहुधा पन्नास किलोंची असेल. म्हणजे ती एका मापाने चालते आणि दुसऱ्या मापाने दुपटीहून जास्त होते.

‘गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा’ हा उपदेश भिंतीवर रंगवणे सोपे असते, पण उचलण्याची पद्धत केवळ शिकवल्याने कंबरदुखी टळते असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. दिवसाला शेकडो गोण्या असतील तर कोणीही प्रत्येक वेळी उकिडवा बसून उठणार नाही. त्यापेक्षा मांडणी बदलून पाहावी. भरलेली गोणी जमिनीवर न ठेवता कंबरेइतक्या ओट्यावर किंवा फळीवर शिवली, तर जमिनीवरून उचलण्याचा सर्वांत वाईट टप्पाच गळतो. तशी सोय नसेल, तर जमिनीवरची गोणी दोघांनी दोन टोके धरून उचलावी आणि मग एकाने पाठीवर घ्यावी. थप्पीकडे वळताना कंबर न पिळता पावले वळवावीत, आणि ट्रकच्या फाळक्यावरून उडी मारणे तर आजपासूनच बंद करावे.

टोळीशी बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे. टोळीत मजुरी वाटून घेतली जात असेल, तर दुखणे वाढलेल्या दिवशी आपण तोलाई किंवा गोण्या शिवण्याचे काम घ्यावे आणि दुसऱ्याची कंबर धरेल तेव्हा त्याला तीच सवलत द्यावी. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली आपली नोंदणी झालेली नसेल, तर जिल्ह्याच्या माथाडी मंडळाकडे ती करून घ्यावी, कारण मंडळाच्या वैद्यकीय व इतर लाभांसाठी ती लागते.

व्यायाम दोनच सांगतो, पण ते आठवड्यातून किमान पाच दिवस व्हायला हवेत. पहिल्यासाठी एक सरळ दांडा पाठीमागे उभा धरा. तो डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांमधील (खांद्यांच्या फऱ्यांमधील) जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागे ढकलत पुढे झुका. तीनपैकी एका जागचा जरी दांडा सुटला तरी थांबा आणि परत या. यात वाकणे कंबरेऐवजी खुब्यातून होते आणि ती सवय गोणी उचलताना आपोआप उतरू लागते. दुसरा व्यायाम हात आणि गुडघे जमिनीला टेकून रांगण्याच्या स्थितीत करायचा आहे. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, दहा अंक मोजेपर्यंत धरून ठेवा आणि मग बाजू बदला. प्रत्येक बाजूने सहा-सात वेळा पुरे. शिवाय मोकळ्या हातांनी रोज अर्धा तास चालावे. ऑस्ट्रेलियातील २०२४ च्या एका चाचणीत नियमित चालण्याच्या कार्यक्रमाने निम्म्या लोकांची कंबरदुखी पुन्हा उद्भवेपर्यंतचा काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांपर्यंत लांबला होता.

दुखणे आण्यांत मोजायची सवय लावून घ्यावी. काम करताना ते सोळापैकी पाच-सहा आण्यांपर्यंत जात असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर येत असेल, तर घाबरू नये. सकाळीही ते चढलेलेच राहिले, तर आदल्या दिवसाचा भार जास्त झाला असे समजून पुढचे दोन-तीन दिवस गोण्या कमी कराव्यात. अंथरूण मात्र धरू नये. हेलसिंकीत १९९५ मध्ये ताज्या कंबरदुखीवर झालेल्या एका चाचणीत अंथरुणात पडून राहणाऱ्यांपेक्षा झेपतील तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले होते.

प्रश्न : माझे आईवडील बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जातात. आई ३८ वर्षांची आहे. हंगामात तिची कंबर इतकी दुखते, की ती एक दिवसाआड इंजेक्शन घेते आणि गावातील एकाकडून दुखण्याच्या पुड्याही आणते. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. कोणी म्हणते गर्भपिशवी काढली की कंबर थांबेल. काय करावे?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. केवळ कंबर दुखते म्हणून पिशवी काढू नये. मोळी बांधून, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची कंबर दुखण्याला पिशवी जबाबदार धरण्याआधी त्या मोळीकडे पाहिले पाहिजे. पांढरे जाणे किंवा पाळीचा त्रास असेल तर त्याची स्वतंत्र तपासणी व औषधे आहेत. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर तरुण वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि ज्या कंबरेसाठी शस्त्रक्रिया केली तीच पुढे अधिक धोक्यात येते. बीडमधील या शस्त्रक्रियांच्या प्रमाणाची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली होती, यावरून प्रश्नाची व्याप्ती लक्षात यावी. कोणी सुचवले तर सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

इंजेक्शनांविषयी सांगायचे, तर डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके चार-आठ दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायला हरकत नाही. महिनोन्‌महिने घेतली, की जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. फडात उन्हाचा घाम, आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम कमी पितात ते पाणी आणि वर हे इंजेक्शन असे तिन्ही एकत्र आले, की मूत्रपिंडाला खरा धोका असतो. नाव नसलेल्या पुड्या तर पूर्ण बंद कराव्यात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने दोन दिवस चमत्कार वाटतो, पण मणके पोखरले जातात आणि साखर व रक्तदाब वाढतो. आई या पुड्या बरेच महिने घेत असेल तर त्या एका दिवसात सोडू नयेत. त्या डॉक्टरांना दाखवाव्यात आणि त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात.

आता पहाटेविषयी. मणक्यांमधील गाद्या रात्रभर पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्या उठल्या खोल वाकले तर त्यांवर सर्वाधिक ताण येतो. दिवसभरात उंची जेवढी कमी होते, त्यातील निम्म्याहून अधिक घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. कंबरदुखीच्या रुग्णांनी पहाटेचे वाकणे टाळले तर त्यांचे दुखणे कमी होते, असे १९९८ च्या एका अमेरिकी चाचणीत आढळले होते. कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) मात्र नेमके या तासातच आई सर्वांत आधी उठून चुलीपुढे वाकते आणि पाण्याचे हंडे उचलते. तेव्हा हा तास वडिलांनी आणि आपण वाटून घ्यावा. पाणी त्यांनी भरावे आणि भाकरीचे पीठ आईने उंचवट्यावर परात ठेवून मळावे. फडापर्यंतचे चालणे तिला उपयोगीच आहे. तोड चालू झाल्यावर बुडातून तोडणे आणि मोळ्या बांधणे या कामांची दोघांनी दर अर्ध्या तासाने अदलाबदल करावी. मोळी लहान बांधली तर फेऱ्या वाढतात हे खरे आहे, पण कंबरेच्या हिशेबात जास्त फेऱ्या आणि हलकी मोळी हाच सौदा परवडतो.

खाड्याच्या भीतीने पुढील लक्षणे मात्र कधीही अंगावर काढू नयेत. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस व शौचाच्या जागी बधिरता येणे, चालताना पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तिथे काही तासांचा उशीरही महागात पडू शकतो. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटते वजन असे एकत्र दिसले, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. त्याचा उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो आणि वेळेत झाला तर शस्त्रक्रियेवाचून भागते.

प्रश्न : आमची सिंधुदुर्गात भातशेती आहे. मी ५१ वर्षांची आहे. लावणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर मोडते आणि दसऱ्यापर्यंत ती दुखत राहते. माणसे मिळत नाहीत, त्यामुळे लावणी आम्हा दोघांनाच करावी लागते.

उत्तर : पूर्ण वाकून बराच वेळ राहिले, की पाठीचे स्नायू जवळजवळ थंडावतात आणि सगळा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर येतो. ते हळूहळू ताणले जातात आणि सरळ उभे राहिल्यावरही लगेच पूर्ववत होत नाहीत. म्हणून वाकण्यातून उठल्याबरोबर रोपांच्या जुड्यांची टोपली उचलणे ही लावणीतील सर्वांत घातक हालचाल ठरते. दर पंधरा-वीस मिनिटांनी बांधावर या, कंबरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे झुका, दोन मिनिटे उभे राहा आणि त्यानंतरच ओझ्याला हात लावा. तरवा (भाताची रोपे) काढणे आणि लावणे ही दोन्ही कामे एकाच दिवशी करू नयेत.

याहून मोठा बदल करता येत असेल, तर काही खाचरांत लावणीच टाळून पाहावी. नेरळच्या सगुणा बागेत कृषिभूषण चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यांवर साच्याने भोके पाडून थेट बी टोकतात, त्यामुळे दरवर्षीची चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात. तण आवरण्यासाठी तणनाशक वापरावे लागते, ही त्याची दुसरी बाजू आहे, म्हणून आधी एका वाफ्यावर प्रयोग करावा. कापणीला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा वापरत नसाल तर तो जरूर घ्यावा. त्याला झटका कमी लागतो.

प्रश्न : पुण्यात बांधकामावर बिगारी आहे. रोज सिमेंटच्या गोण्या वाहाव्या लागतात. कंबरेचा पट्टा कायम वापरावा का? तो लावला की बरे वाटते. दवाखान्यात ट्रॅक्शन आणि मशीनचा शेकही सुचवला आहे.

उत्तर : बरे वाटत असेल तर फार दुखणाऱ्या दिवशी तासभर पट्टा लावायला माझी ना नाही. तो रोज, दिवसभर लावू नये. पट्टा लावल्याने दुखापत टळते असे दिसून आलेले नाही. उलट पट्टा आहे म्हणून लोक जास्त वजनाला हात घालतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पट्टे, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाउंडचा शेक हे तिन्ही नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असे म्हटले आहे, आणि व्यायाम, दुखण्याची नीट समज करून देणे व मालिश यांना स्थान दिले आहे. तेव्हा ट्रॅक्शनसाठी बाजूला काढलेल्या पैशांत फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा जाऊन व्यायाम प्रत्यक्ष शिकून घ्यावेत. साइटवर एक साधी हातगाडी मिळवून देण्याची मागणीही आपण सर्व बिगाऱ्यांनी मिळून ठेकेदाराकडे करावी. पन्नास किलोंची गोणी खांद्यावरून चाकांवर गेली, तर कंबरेसाठी आणखी काही विकत घ्यायची गरज बहुधा पडणार नाही.