सोलो कनू आणि स्मॉलमाउथ बास: रॉड राहू द्या, आधी लेक बदला

तुमचा बेत मला असा समजला: जूनच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस, अमेरिकेत मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्स या तळ्यांच्या राखीव जंगलात, एकट्याने, बासवुड लेकवर, स्मॉलमाउथ बास या माशासाठी. मित्रांबरोबर एकदा जाऊन आला आहात, कनू भाड्याने घेणार आहात. विचारलंय की रॉड कोणता, ल्युअर (नकली आमिष) कोणते, आणि तिथूनच पलीकडे कॅनडातल्या क्वेटिको पार्कमध्ये शिरता येईल का.

रॉडचं लगेच सांगून टाकतो. साडेसहा-सात फुटी मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, सहा ते आठ पौंडाची लाइन. असाच आणखी एक रॉड जोडीला ठेवा, कारण पोर्टेजवर (दोन लेकमधली कनू-सामान वाहून नेण्याची पायवाट) झाडात अडकून टोक मोडलं तर तिथे दुकान नाही. एवढं पुरे. स्मॉलमाउथ हा चोखंदळ मासा नाहीच.

खरी अडचण बासवुडची आहे. त्या लेकवर बास भरपूर आहेत, नाव उगाच झालेलं नाही. पण ते मैलोन्‌मैल मोकळं पाणी आहे आणि एकट्या माणसाला तिथे मासा नाही, वारा भेटतो. सकाळी दहा-अकरानंतर वारा धरला की बरेचदा संध्याकाळपर्यंत सोडत नाही. दोघं असले की एक वल्हवतो, दुसरा गळ टाकतो. एकटा असलात की वल्हं खाली ठेवल्या क्षणी कनू वाऱ्याच्या मालकीची होते, आणि तुम्ही कास्ट करून रीळ गुंडाळेपर्यंत खडकाच्या टोकावरून पन्नास फूट पुढे गेलेले असता. शिवाय बासवुडच्या काही भागात मोटरबोटींना परवानगी आहे, म्हणजे ज्या एकांतासाठी निघालात तोही अर्धामुर्धाच. एकट्याने जाताना बास कुठे जास्त आहेत हे बघून लेक निवडू नये. वाऱ्यात आडोसा कुठे मिळेल हे बघून निवडावा. बास तिथे बहुतेक ठिकाणी सापडतात.

मी तुमच्या जागी असतो तर टॉफ्टी गावाहून वर जाऊन सॉबिल लेकला, एंट्री पॉइंट ३८ वरून, आत शिरलो असतो. सॉबिल उत्तर-दक्षिण लांबट आहे, किनारे जवळ आहेत, मोटर नाही. तिथून ऑल्टन लेकचं पोर्टेज ३० रॉड, म्हणजे जेमतेम दीडशे मीटर. (हा गळाचा रॉड नव्हे; पोर्टेज अजून रॉड या जुन्या मापातच मोजतात, एक रॉड साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी.) दोन्हीकडे स्मॉलमाउथ आहेत. ऑल्टन मोकळा आहे, पश्चिमेचा वारा असेल तर तो ओलांडायचा हट्ट करू नका. तंबू एकाच जागी ठेवा आणि वारा असेल त्या दिवशी सॉबिलवरच मासेमारी करा. रोज तंबू हलवणाऱ्याचा निम्मा दिवस पोर्टेजवर जातो. एकट्याला तर प्रत्येक वाट बहुधा तीनदा चालावी लागते: सामान घेऊन, रिकामं परत, मग कनू घेऊन.

कनू मात्र सोलोच घ्या. दोघांच्या सतरा फुटी कनूत एकटे मागच्या सीटवर बसलात की पुढचं टोक पाण्याबाहेर उचललं जातं आणि वारा ते हवं तिकडे वळवतो. केव्हलार या हलक्या, मजबूत धाग्याची सोलो कनू पंधरा-सतरा किलोची असते, खांद्यावर घेऊन चालवते. तरी जड पॅक पायांच्या पुढे ठेवून टोक दाबून धरा. कायाकचं दुहेरी पात्याचं वल्हं सोबत असू द्या. शुद्ध कनूवाले नाकं मुरडतील, मुरडू देत. नांगरासाठी लोखंड वाहून नेऊ नका. जाळीची पिशवी न्या आणि तिथलेच दगड भरा. दोरी कनूच्या टोकाला बांधा, बाजूला कधीच नाही; बाजूला बांधलेली कनू लाट आली की कलते.

एका लेकमधून दुसऱ्याकडे जाताना लाइन मागे सोडून वल्हवत राहा. रॉड मांडीखाली दाबून ठेवा, टोक बाजूने बाहेर, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल. ड्रॅग घट्ट असेल आणि बास लागला तर रॉड पाण्यात जाईल. मासे कुठल्या टोकाला आहेत हे अशानेच आपोआप कळतं.

आता जूनचा पहिला आठवडा. पाणी पंधरा-सोळा अंशांवर आलं की स्मॉलमाउथची विण सुरू होते. नर उथळ गोट्यांवर शेपटीने साफ करून दोन-तीन फुटांचं गोल घरटं करतो आणि अंडी-पिल्लं राखत बसतो. पोलराइज्ड चष्म्यातून तो फिकट गोल स्वच्छ दिसतो. त्यावर काहीही टाका, नर अंगावर येतोच. यात कसब काही नाही आणि त्याला उचलला की पर्च मासे अंडी फस्त करतात. माझं मत विचाराल तर घरटी सोडून द्या, शेजारी जिथे पाणी एकदम खोल होतं तिथे क्रेफिशच्या रंगाचा ट्यूब (मऊ, पोकळ ल्युअर) तळाला लावून हळू ओढा. त्याहून बरं म्हणजे ट्रिप जूनच्या शेवटी ढकला. चावणाऱ्या काळ्या माश्यांचा जोर ओसरलेला असतो आणि संध्याकाळी पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा ल्युअर, चालतो. पॉपर टाकायचा, वलयं पूर्ण विरेपर्यंत हात लावायचा नाही, मग एकच झटका. उतावळेपणाने लगेच ओढणाऱ्याला निम्मे मासेही लागत नाहीत.

गळाबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. सगळे तिहेरी गळ काढून एकेरी लावा, टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. बास कनूशेजारी उडी मारतोच आणि तुमचा अंगठा त्याच्या जबड्यात असताना दुसरा गळ हातात रुतला, तर काढायला दुसरं कुणी नाही. मासा उचलताना आपलं डोकं कनूच्या काठाबाहेर जाऊ देऊ नका. लाइफ जॅकेट अंगावर घालूनच वल्हवा, सीटखाली ठेवलेलं कामाचं नाही. जूनमध्येही मधलं पाणी गार असतं. फोनला रेंज धरू नका. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो, तो न्या आणि रोज संध्याकाळी घरी एक निरोप पाठवा. डोक्यावर विमानांचा आवाजही जवळजवळ नसतो, कारण १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तिथे ४,००० फुटांखाली उडायला बंदी केली. सुटकेसाठी विमान येऊ शकतं, पण ते येईपर्यंत तुमचे तुम्हीच.

खाण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेऊ नका, मनाई आहे. मसाला-रवा पिशवीत भरा. एखादा छोटा बास तव्यावर चांगला लागतो, मोठा मात्र सोडा: त्या थंड पाण्यात वीस इंच व्हायला त्याला दहाहून जास्त वर्षं लागतात. खाण्याचं सगळं सामान अस्वलाला पोहोचणार नाही असं टांगा किंवा अस्वलरोधक डब्यात ठेवा.

क्वेटिकोचं म्हणाल तर यंदा नको. सीमा बासवुडच्या मधूनच जाते. पाण्यावर रेघ नसली तरी पलीकडे गळ टाकायला ओंटारियोचं लायसन्स लागतं, पार्कचं परमिट वेगळं, जिवंत आमिष बंद आणि गळ बिनकाट्याचेच. भारतीय पासपोर्टवर असाल तर कॅनडाचा व्हिसा हवा आणि वर कॅनडात शिरल्याची कस्टम्सकडे नोंदही. हे सगळं हिवाळ्यात बसून करायचं काम आहे. सॉबिलचं परमिट मात्र आजच बघा. १ मे ते ३० सप्टेंबर कोटा असतो आणि जूनअखेरचे वीकेंड लवकर भरतात. शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी आत शिरा.