इंग्लंडला निघण्याआधी आईबाबांची फाईल उघडा

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत तुम्ही दोघं चार वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडला जाताय, आईबाबा बडोद्यातच राहणार, बाबांचं मृत्युपत्र 2009 मध्येच झालंय, मग आणखी काही करायला हवं का? हवं. मी दांडिया बाजारची, लेस्टरला येऊन सतरा वर्षं झाली. माझ्या घरी जे झालं ते तुमच्या घरी होऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या बाबांचंही मृत्युपत्र होतं, रजिस्टर केलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. दांडिया बाजारचं घर धाकट्या भावाला, आणि आईला तिथे हयातभर राहण्याचा हक्क. पुढे ते घर विकून त्यांनी कारेलीबागेत फ्लॅट घेतला, पण मृत्युपत्राला कुणी हात लावला नाही. जे घर शेवटी त्यांच्या मालकीचंच नव्हतं, ते त्या कागदावरून कुणाला मिळणार? ‘बाकी सगळी मालमत्ता अमक्याला’ अशी ओळही त्यात नव्हती. त्यामुळे फ्लॅट हिंदू वारसा कायद्याने आई, भाऊ आणि मी, तिघांच्या समान वाट्याला आला. मला तो नकोच होता. बाबांना सांभाळलं भावाने. तरी पेढीनामा म्हणजे वारसांची वंशावळ, तलाट्याकडच्या चकरा, माझा हक्क सोडल्याचा रजिस्टर लेख, यासाठी दोनदा रजा काढून बडोद्याला यावं लागलं. दोन साक्षीदारांसमोर सही केलेल्या एका पानाच्या पुरवणीने हे सगळं टळलं असतं.

तेव्हा बाबांबरोबर बसून ते 2009 चं मृत्युपत्र मोठ्याने वाचा. त्यातलं घर, खाती, शेअर्स आज आहेत का? व्यवस्थापक म्हणून नेमलेला माणूस हयात आहे का, आणि बडोद्यात आहे का? बँकेतल्या नॉमिनीची नावंही पाहा. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार नॉमिनी देता येतात. मात्र नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, म्हणून तो मालक होतो असं नाही. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसरा, अशाने सख्ख्या भावंडांत अबोला आलेला मी पाहिलाय. बाबांनी तुम्हाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान हरपलं की त्याचा अंमल संपतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते हातातून जातं.

आता लिव्हिंग विल, म्हणजे आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण माझा जीव त्यातच अडकलाय.

2019 मध्ये बाबांना मेंदूचा झटका आला. व्हेंटिलेटर लागला. “मला नळ्या लावून ठेवू नका,” हे ते जेवताना कितीदा तरी बोलले होते. डॉक्टरांनी विचारलं, लिहून दिलंय का? नव्हतं. आई काही बोलेना. भाऊ म्हणाला, बाबांना हे नको होतं. आणि मी लेस्टरहून फोनवर म्हणाले, मी येईपर्यंत थांबा. ते मी माझ्यासाठी म्हणाले, बाबांसाठी नाही. अकरा दिवस ते तसेच राहिले.

सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला मान्य केला होता, पण तेव्हा लिव्हिंग विलवर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. कोणते उपचार कधी थांबवायचे ते स्पष्ट लिहायचं आणि निर्णयासाठी माणसं नेमायची, एकाहून जास्त चालतात. वेळ आली तर उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं मंडळ मत देतं, मग दुसरं मंडळ तपासतं, दोन्ही शक्यतो 48 तासांत. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या, एक महापालिकेच्या अधिकाऱ्याकडे. विचार बदलला तर लेखी रद्द करता येतं, आणि दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेला धरतात. पहिलं नाव तुमचं नको. अर्ध्या तासात हॉस्पिटलात पोचणाऱ्याचं हवं.

तुमचे स्वतःचे कागदही लागतील. इंग्लंडमध्ये पतीपत्नीला एकमेकांच्या उपचारांचा निर्णय आपोआप घेता येत नाही. त्यासाठी लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे भान हरपल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र, करून ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियन या सरकारी कार्यालयात नोंदवावं लागतं. उपचार नाकारण्याचा कागद वेगळा. जीव वाचवणारे उपचार नाकारायचे असतील तर तो लेखी, साक्षीदाराच्या सहीचा आणि ‘जीव धोक्यात आला तरी’ असं स्पष्ट म्हणणारा लागतो. मुलीचा पालक कोण, हे मृत्युपत्रात लिहाच. आणि तिथला वकील सवयीने ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ असं लिहील, त्यावर लक्ष ठेवा, नाहीतर तुमचं भारतातलं मृत्युपत्रही त्यात जाईल. तिथल्या मृत्युपत्रात ‘फक्त इंग्लंडमधली मालमत्ता’ असं लिहून घ्या. गेल्या वीसपैकी दहा करवर्षं तिथे राहिलात की बडोद्यातला फ्लॅटही तिथल्या वारसा कराच्या हिशेबात येऊ शकतो. भारतात असा कर 1985 मध्येच बंद झाला, त्यामुळे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मी दर दिवाळीला, चोपडापूजनाच्या दिवशी, आमच्या दोन्ही देशांच्या फायली काढते. भाऊ बडोद्यात, मी इथे, फोन समोर ठेवून एकेक कागद वाचतो. घर बदललं, कुणी गेलं, कुणाचं लग्न झालं, की त्या वर्षी दुरुस्ती.

आईने 2023 मध्ये तिचं लिव्हिंग विल केलं. गेल्या वर्षी भावाची फिरतीची नोकरी सुरू झाली, तेव्हा तिने ते बदललं. आता पहिलं नाव वहिनीचं, दुसरं भावाचं, माझं तिसरं. मला तिने विचारलं नाही, सही झाल्यावर फोटो पाठवला.