नर्सरीचे सरकारी तास आणि व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठ

ऑगस्ट उजाडला की इंग्लंडमधल्या मराठी आईबाबांचे तेच प्रश्न येतात: सरकारच्या खर्चाने मिळणारे नर्सरीचे तास, म्हणजे आठवड्याला सगळ्या तीन-चार वर्षांच्या मुलांना 15 आणि नोकरी करणाऱ्या आईबाबांच्या मुलांना 30, कधी आणि कोणाला मिळतात? (स्कॉटलंड, वेल्सचे नियम वेगळे आहेत. तिथल्यांनी हे वाचून गोंधळ वाढवू नये.)

मुलगी 3 एप्रिलला तीन वर्षांची झाली. 15 तास कधीपासून?

1 सप्टेंबरपासून. वाढदिवस 31 मार्चच्या आत असता तर एप्रिलपासूनच मिळाले असते.

माझा पगार 1,04,000 पाउंड, बायकोचा 30,000. सरासरी धरतात का?

नाही. दोघांपैकी एकाचंही अ‍ॅडजस्टेड नेट इन्कम (पेन्शनसारख्या ठराविक वजावटींनंतरचं वर्षाचं उत्पन्न) 1,00,000च्या वर गेलं की 30 तास बंद. तीन वर्षांनंतरचे 15 राहतात. पेन्शनमध्ये पैसे भरून आकडा खाली आणता येतो, पण ते अकाउंटंटला विचारून. शेजाऱ्याला नव्हे.

आम्ही दोघं स्किल्ड वर्कर व्हिसावर. ग्रुपवर वाचलं की सरकारी तास घेतले तर आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) नाकारतात. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, अजून घरीच असतो.

साडेतीन! म्हणजे निदान एक टर्म हातची गेली, तीही फॉरवर्डपायी. नीट वाचा. तुमच्या व्हिसावर 'पब्लिक फंड्स', म्हणजे ठराविक सरकारी मदत, घ्यायला मनाई आहे. त्या यादीत युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा भत्ता) आहे, कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, घर आहे, चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता) आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांचे 15 तास नाहीत. ते आईबाबांचा व्हिसा न बघता प्रत्येक मुलाला मिळतात. 30 तासांचं वेगळं: त्यासाठी दोघांपैकी एकाला तरी पब्लिक फंड्स घ्यायची मुभा लागते, तुम्हाला ती नाही. गंमत अशी की हे 15 तास भीतीने सोडणारेच चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म बिनधास्त भरतात, आणि खरा धोका तिथे असतो! तासांसाठी थेट नर्सरीशी किंवा कौन्सिलशी बोला. आयएलआरची शंका राहिलीच, तर नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. ग्रुप म्यूट करा.

30 तास मिळूनही नर्सरी रोजचे पैसे मागते. हे बरोबर आहे का?

जेवण, नॅपी यांचे पैसे मागता येतात, पण ते ऐच्छिक असतात. भरले नाहीत तर तास नाही, असं म्हणता येत नाही. परवा एका बाबांनी बिलाचा फोटो पाठवला. त्यात नॅपी, क्रीम आणि 'एनरिचमेंट'. पोरगं वर्षापूर्वीच नॅपीतून सुटलेलं! प्रत्येक बाब वेगळी लिहिलेलं बिल मागा. टाळाटाळ केली तर कौन्सिलकडे जा.

आम्ही ब्रिटिश नागरिक. 30 तासांचा कोड (सरकारकडून अर्जानंतर मिळणारा, नर्सरीला द्यायचा) 4 सप्टेंबरला आला, नर्सरी म्हणते जानेवारीत या.

नर्सरीचं बरोबर आहे. कोड 31 ऑगस्टच्या आत हवा होता. तरी कौन्सिलला एकदा फोन करून बघा. आणि हा कोड दर तीन महिन्यांनी पुन्हा कन्फर्म करावा लागतो; म्हणजे तुमची पहिली तारीख डिसेंबरच्या सुरुवातीलाच येईल, मूल तोवर घरी असलं तरी.