हालचालीतला 'हाल' अरबी नाही

विचारणा अशी आहे: 'माणसांच्या अंगाच्या हालचाली डोळ्यांना कशा कळतात, यावरच्या लेखाचं भाषांतर करतोय. "मोशन"ला सरसकट "गती" लिहू की "हालचाल"? आणि "हालचाल"मधला "हाल" अरबी आहे म्हणे, मग तो टाळून "चलनवलन" लिहावं का?'

शेवटचं आधी घेतो, कारण त्याच्यावरून माझं डोकं आधीच उठलेलं आहे. हल्ली फोन उचलला की पलीकडून येतं, 'काय, कसे हालचाल?' अहो, ते हिंदी! हिंदीत हालचाल म्हणजे खुशाली. तिथला 'हाल' अरबी, 'अवस्था' या अर्थाचा. आपल्या 'हालअपेष्टां'मध्ये आणि 'हालहवाला'त तोच बसलेला आहे. मराठीतली हालचाल मात्र स्त्रीलिंगी आणि अस्सल घरची. ती कुणाची विचारायची नसते. ती करायची असते, नाहीतर पोलिसांनी तिच्यावर पाळत ठेवायची असते. विचारायचीच असेल तर ख्यालीखुशाली विचारा.

आपला 'हाल' आला प्राकृत 'हल्लइ'वरून. 'हल्लइ' म्हणजे हलतो. त्याचं मराठीत झालं 'हालणे'. आज आपण 'हलणे' लिहितो, पण जोडशब्दात ते जुनं लांब रूप शाबूत राहिलं. आता 'चाल' बघा, इथे खरी गंमत आहे. संस्कृतातला एकेरी 'ल' मराठीत शब्दाच्या मध्ये आला की त्याचा 'ळ' होतो आणि जोड 'ल्ल' आला की 'ल'च राहून आधीचा स्वर लांबतो. 'गल'चा गळा झाला आणि 'गल्ल'चा गाल. अगदी तसंच 'चलति'चं झालं 'चळणे' आणि 'चल्लइ'चं 'चालणे'. सख्खी भावंडं, पण एक थरथरत बसलं आणि दुसरं पायी निघालं! संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, म्हणजे धातुपाठात, 'चल कम्पने' असं दिलेलं आहे, म्हणजे मूळ अर्थ कापण्याचा. तो 'चळचळा कापणे'मध्ये अजून जिवंत आहे.

म्हणजे मराठीने कामाची वाटणी केली. जागच्या जागी होतं ते हलणं, जागा सोडून होतं ते चालणं. झाड हलतं, चालत नाही. पाळणा हलतो. यावर एका जाणकारांनी मला ऐकवलं, '"तो जागचा हलला नाही" म्हणतो ना आपण? मग हलणं म्हणजे जागा सोडणंच.' साहेब, तिथे 'जागचा' हा शब्द मुद्दाम जोडावा लागतो, यातच सगळं आलं. 'जागचा चालला नाही' कुणी म्हणतं का?

आणि आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. तुमच्या लेखात गुन्नार योहान्सन हे नाव येईलच, नसेल तर लेख बदला. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातला हा मानसशास्त्रज्ञ. त्याने माणसाच्या खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर चमकते ठिपके लावले आणि अंधारात फक्त ते ठिपकेच दिसतील असं चित्रण केलं. माणूस स्थिर असताना बघणाऱ्याला काही बोध होईना, नुसते विखुरलेले ठिपके. तो चालू लागला की लगेच 'अरे, माणूस!' हे १९७३चं. पुढे १९७६मध्ये दिसलं की एवढं कळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. १९७७मध्ये अमेरिकेत कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी एकमेकांना ओळखणाऱ्या ६ जणांची अशीच ठिपक्यांची चित्रणं त्यांनाच दाखवली. नुसत्या अंदाजाने उत्तर बरोबर यायची शक्यता सहात एक, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास, आणि ओळखलं ३८ टक्के वेळा. तोंड नाही, कपडे नाहीत, नुसती चाल. गावी एसटीतून उतरणारे मामा संधिप्रकाशात लांबून कळतात ते असेच.

पण डोळा हे करतो कसं? योहान्सनचं म्हणणं, तो दिसणाऱ्या गतीची फोड करतो. सगळ्या ठिपक्यांना मिळून जी पुढची ओढ आहे ती वेगळी काढतो आणि ठिपक्यांचं एकमेकांच्या हिशेबाने जे झुलणं आहे ते वेगळं. सायकलच्या चाकावर कडेला एकच दिवा लावून अंधारात चालवा, तो कमानीकमानीने उड्या मारत गेल्यासारखा दिसतो. आसावर दुसरा दिवा लावा, लगेच चाक फिरत पुढे जाताना दिसायला लागतं. कडेच्या दिव्याची वाट तीच आहे, डोळ्याने तिचे दोन भाग केले. हात आगेमागे झुलतो तो 'हाल', अख्खा माणूस पुढे सरकतो ती 'चाल'. योहान्सनला जे मांडायला प्रयोगशाळा लागली, ते आपल्या भाषेने एका जोडशब्दात बांधून ठेवलं होतं! हा योगायोग आहे असं कुणी म्हणेल. म्हणो. मला तो योगायोग वाटत नाही.

'चलनवलन' चुकीचं नाही, पण ते चल आणि वल, म्हणजे वळणं. आपली 'चळवळ'च ती, सोवळं नेसलेली. फोड करणाऱ्या डोळ्यासाठी तिचा उपयोग नाही.

हं, 'गती'चं राहिलंच. पडद्यावर नुसता ठिपका सरकत असेल तिथे 'गती' लिहा. माणूस आला की 'हालचाल'. आणि ज्यावरून माणूस ओळखू येतो ती 'चाल'. शाळेच्या पुस्तकांनी 'स्पीड'ला 'चाल' करून ठेवल्यामुळे वाचक तिथे अडखळेल, तर पहिल्यांदा 'चालण्याची ढब' लिहा आणि पुढे खुशाल 'चाल'.