वाचकांचे प्रश्न : १८० अश्वशक्तीच्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स पुरेल का?

प्रश्न : माझ्याकडे सहा सिलिंडरचा, टर्बो नसलेला जुना ट्रक आहे. हंगामात जिनिंगमधून कापसाच्या गाठी आणि सरकी, इतर वेळी खदानीतून गिट्टी वाहतो. इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर १३० अश्वशक्तीचे असून त्याचा कमाल टॉर्क ४२ किलोग्रॅम-मीटर आहे. आता एका मोडीत काढलेल्या ट्रकचे टर्बो इंजिन मिळत आहे. ते २५०० फेऱ्यांवर १८० अश्वशक्तीचे असून कमाल टॉर्क १५०० फेऱ्यांवर ६४ आहे. एक मिस्त्री म्हणतात, जुना गिअरबॉक्स दणकट आहे, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे कवच) जुळवले की झाले. दुसरे म्हणतात, तो सहा महिन्यांत निकामी होईल. कोणाचे खरे मानावे? (एक वाचक, तालुका वणी)

उत्तर : आपण टॉर्कचे आकडे कळवले हे फार बरे झाले, कारण बहुतेक पत्रांत फक्त अश्वशक्ती असते आणि गिअरबॉक्सला अश्वशक्तीशी फारसे देणेघेणे नसते. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ७१६ ने भागले की अश्वशक्ती निघते. या हिशेबाने नवे इंजिन १५०० फेऱ्यांवरच १३४ अश्वशक्ती देईल. म्हणजे जुने इंजिन पूर्ण फिरवून जेवढे काम निघत होते, तेवढे हे निम्म्याहून थोड्या अधिक फेऱ्यांत करील. चालकाला हे सुख वाटते, पण कमी फेऱ्यांत तेवढीच शक्ती म्हणजे शाफ्टला तितकाच जास्त पीळ, म्हणजेच टॉर्क. अश्वशक्ती ३८ टक्क्यांनी वाढते आहे, पीळ मात्र ५२ टक्क्यांनी.

या ५२ टक्क्यांचा अर्थ केवळ दीडपट झीज असा नाही. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या सुमारे ३.३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते; भार २५ टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य निम्म्याच्या खाली येते आणि ५२ टक्के वाढीवर ते साधारण एक चतुर्थांश उरते. अर्थात, इंजिनाचा पूर्ण जोर प्रत्येक किलोमीटरला वापरला जात नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या मिस्त्रींचे ‘सहा महिने’ सपाट डांबरी रस्त्यावर कदाचित खरे ठरणार नाहीत.

पण आपला ट्रक केवळ डांबरी रस्त्यावर चालत नाही. अवकाळी पावसानंतर भरलेला ट्रक काळ्या मातीत मागच्या चाकांनी रुतला, की चालक पहिला गिअर टाकतो, इंजिन रेटतो आणि क्लचवरचा पाय एकदम सोडतो. त्या क्षणी फिरत्या फ्लायव्हीलचा साठलेला जोरही शाफ्टवर येतो आणि आत किती पीळ जाईल हे इंजिन ठरवीत नाही, क्लच किती धरतो हे ठरवते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर साडेसहा धरले, तर नुसत्या इंजिनाच्या ६४ चे मेन शाफ्टवर ४१६ होतात. झटक्यात त्याहून अधिक. माझ्या पाहण्यात तुटलेले काउंटर शाफ्ट बहुतेक अशाच एखाद्या बांधावर तुटले आहेत, घाटात नव्हे.

येथेच आपली खरी अडचण आहे. जुना क्लच ठेवला तर तो नव्या इंजिनापुढे घसरेल आणि जळेल. नव्या इंजिनाचा क्लच बसवला तर तो जुन्या गिअरबॉक्सला न पेलणारा झटका बिनदिक्कत आत पाठवील. क्लच हा गिअरबॉक्सचा फ्यूज आहे, आणि मोठा फ्यूज टाकून तार वाचत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की इंजिनाबरोबर त्याच ट्रकचा गिअरबॉक्स, बेल हाउसिंग आणि क्लचसुद्धा उचलावा. मग जॉइंट शाफ्टची लांबी, गिअर लिव्हरचे दांडे आणि चेसिसवरील ब्रॅकेट एवढीच जुळवाजुळव उरते. त्यानंतर जॉइंट शाफ्टचे क्रॉस आणि मागच्या अॅक्सलमधले क्राऊन-पिनियन हे दातेरी चाकांचे जोड हा वाढीव पीळ घेण्याच्या मापाचे आहेत का, तेही तपासून घ्यावे.

ते खरोखरच परवडत नसेल, तर डिझेल पंप टेस्ट बेंचवर बसवून इंधन कमी करून घ्यावे आणि टॉर्क ४८ च्या आसपास थांबवावा. निम्म्याहून अधिक फायदा सोडून द्यावा लागेल, हे मान्य. पण इंजिनावर ताण कमी येईल आणि जुना गिअरबॉक्स काही वर्षे निभावेल.

बेल हाउसिंगबाबत पहिल्या मिस्त्रींना एक गोष्ट विचारावी : मध्य जुळला का हे मोजायला डायल गेज लावणार का? नाना मापांच्या बेल हाउसिंगमध्ये फसगत सोपी असते. आंतरराष्ट्रीय ३ आणि २ क्रमांकाच्या दोन्ही मापांना १२ बोल्टच असतात, पण बोल्टच्या वर्तुळाचा व्यास एकात ४२८.६ तर दुसऱ्यात ४६६.७ मिलिमीटर असतो. लेथवर करून घेतलेली जोडप्लेट बसते, पण मध्य सरकला असेल तर टॉप गिअर उडू लागतो, पायलट बेअरिंग ओरडते आणि क्लच प्लेटचा हब फाटतो. ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर प्लेट परत लेथवर पाठवावी.

आपल्या क्राऊन-पिनियनवर ४१/६ दात असतील, तर २५०० फेऱ्यांवर टॉप गिअरला ताशी सुमारे ७० किलोमीटर वेग मिळेल. ८२ च्या मोहाने ४१/७ बसवू नये. त्याच चढाला गिअरबॉक्सवर १७ टक्के जास्त पीळ लागेल.

कागदाची बाजूही आधीच पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील बदलणारा फेरफार मनाने करता येत नाही. परवानगी परिवहन कार्यालयातून अगोदर घ्यावी. अपघातानंतर विमा कंपनीने इंजिन क्रमांक पडताळला, तर तेव्हा काही उपाय नसतो.

प्रश्न : गिअरबॉक्सवर भार वाढला असताना त्यात क्राऊनचेच जाड तेल टाकले तर चालेल का? (एक वाचक, तालुका हिंगणघाट)

उत्तर : सरसकट टाकू नये. क्राऊन-पिनियनच्या तिरकस घसरत्या दातांसाठी जीएल-५ दर्जाचे तेल असते आणि त्यातील गंधकयुक्त रसायने गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) खाऊ शकतात. सिंक्रोच्या गिअरबॉक्सला साधारणतः जीएल-४ लागते. १४० नंबरचे जाड तेल हिवाळ्याच्या पहाटे थंड गिअरबॉक्समध्ये एवढे घट्ट होते की गिअर जबरदस्तीने ढकलावा लागतो, आणि ती जबरदस्ती शेवटी त्याच रिंगांवर जाते. कंपनीच्या पुस्तिकेतला दर्जा पाळावा. भार वाढला असेल तर तेल जाड करण्याऐवजी लवकर बदलावे, आणि बदलताना खालच्या बुचाच्या चुंबकाला चिकटलेला चुरा बोटांनी चोळून पाहावा. काळी, मऊ पेस्ट असणे नेहमीचे आहे. टोचणारे चकचकीत तुकडे लागले तर गिअरबॉक्स खाली उतरवावा.