ड्रीपमधला पांढरा साका आणि लेकीची केमिस्ट्री

रावेर तालुक्यातल्या भाऊंना नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. गड्याने कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे फॉस्फेटचं विद्राव्य खत एकाच टाकीत कालवलं, पाणी दुधासारखं झालं, केळीतले ड्रीपर बुजले. ॲसिड सोडून लॅटरल म्हणजे ड्रीपच्या नळ्या मोकळ्या केल्या, तेव्हा बारावीतल्या लेकीने विचारलं, "आप्पा, दातात पण हेच असतं ना? मग ॲसिडने दातही असेच विरघळतात का?" आता ती केमिस्ट्रीत बीएस्सी करायचं म्हणते. घरचे म्हणतात फार्मसी कर, नुसत्या केमिस्ट्रीत काय ठेवलंय.

भाऊ, तिचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. टाकीत जमलं ते कॅल्शियम फॉस्फेट, आणि दात-हाडांतलं हायड्रॉक्सिॲपेटाइट त्याच घराण्यातलं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, आम्लात विरघळतं. तोंडातला सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच झिजू लागतं. टूथपेस्टमधला फ्लोराइड ह्याच पदार्थात शिरून तो आम्लाला जास्त टिकणारा करतो.

तुमच्या शेतातही हेच चालू असतं. खडक फॉस्फेटवर गंधकाम्ल टाकून सुपर फॉस्फेट करतात, म्हणजे न विरघळणारं खत विरघळणारं होतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते पुन्हा हळूहळू कॅल्शियमला धरून बसतं. म्हणून ते फेकून देण्यापेक्षा शेणखतात मिसळून मुळांजवळ द्यायला सांगतात. माती परीक्षणात 'उपलब्ध स्फुरद' (म्हणजे पिकाला मिळणारा फॉस्फरस) येतो तो एवढ्यासाठीच वेगळा मोजतात. जमिनीत आहे किती आणि पिकाला मिळतं किती, ह्या दोन गोष्टी निराळ्या.

मला स्वतःला सगळ्यात भावतं ते हाडांचं काम. हायड्रॉक्सिॲपेटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण १.६७, त्याच घराण्यातल्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये १.५. फरक एवढासा, पण पहिलं शरीरात वर्षानुवर्षं टिकतं, तर दुसरं हळूहळू विरघळून नव्या हाडाला जागा करून देतं. दोन्ही योग्य मापात मिसळली की हाडातली पोकळी भरायला चांगला पदार्थ मिळतो. खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या धातूवरही हायड्रॉक्सिॲपेटाइटचा थर देतात, म्हणजे हाड त्याला धरतं. आपल्या देशात तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था अशा पदार्थांवर काम करतात. तिथे केमिस्ट्रीवालेच लागतात.

फार्मसी वाईट नाही. गोळीत भर म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेट वापरतात, गुरांच्या खनिज मिश्रणातही तेच असतं. पण तिने फार्मसी घ्यावी ती औषध कसं बनतं, शरीरात काय करतं याची ओढ असेल तर. घरचे म्हणतात म्हणून घेऊ नये, चार वर्षं फार लांब असतात.

तिच्याकडे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत, तर सीईटीचे दोन्ही गट भरू द्या. कारखान्यात खत कसं बनतं याची ओढ असेल तर जळगावच्या विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी संस्थेत बी.टेक. बघा. मातीची असेल तर कृषी पदवी. हाड-दाताची असेल तर बीएस्सी केमिस्ट्री, पण मग एमएस्सी करायची हे आधीच धरून चाला. तिसऱ्या वर्षाला जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा, दिली तर आयआयटीची वाट असते. नुसत्या बीएस्सीवर थांबायचं असेल तर घरच्यांची काळजी खरी आहे, हे मी लपवत नाही.

फॉर्म भरण्याआधी एक करा. पालच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारून, तुमच्याच बागेतली माती घेऊन तिला तिथे न्या. स्फुरद कसा मोजतात ते तिला बघू द्या. द्रावणाला निळा रंग चढतो, जितका स्फुरद जास्त तितका गडद. ती तिथे किती वेळ रमते आणि परतताना गाडीत काय विचारते, ते मला कळवा. मग फॉर्मचं बोलू.